इथं तर बरोबर दिसतंय

कर्जत स्टेशनाबाहेरच्या किंवा खोपोलीच्या बाजारातल्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि पावतीपुस्तकांच्या जोडीला आता आणखी एक काम येतं. कुणाला फार्महाउसचं वेबपान हवं असतं, कुणाला राइस मिलचं, कुणाला नदीकाठच्या कॅम्पचं. ते करणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याचा हात वर्षानुवर्षं कोरलड्रॉवर बसलेला आहे. पान तयार होतं, गिऱ्हाईक दुकानातल्या पडद्यावर ते पाहून खूश होतं, पान चढवलं जातं. संध्याकाळी फोन येतो : ‘अहो, फोटोच दिसत नाहीत.’ ‘अक्षरं फुटलीत.’ ‘सगळं एका बाजूला सरकलंय.’ दुकानातून उत्तर जातं, ‘इथं तर बरोबर दिसतंय.’

दोघंही खरं बोलत असतात. दुकानातल्या संगणकावर पान ठीक असतं आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर ते मोडलेलं असतं. या दोन ठिकाणांच्या मधे कुठे काय गळालं, ते शोधून काढण्याचं काम म्हणजे या पुस्तकाचा विषय.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हे काम वाढायला कारणं आहेत. मुंबईहून लोकलने सुमारे शंभर किलोमीटरवर कर्जत; तिथून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी खोपोलीला पोचते. नेरळला उतरून लोक माथेरानला जातात. अष्टविनायकाचे यात्रेकरू खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाच्या दर्शनाला येतात. कोथळीगडाकडे ट्रेकर निघतात, पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्याकडे गर्दी लोटते. कृषी पर्यटन हा शब्द सरकारी कागदांवर रुळायच्या कितीतरी आधी नेरळजवळच्या सगुणा बागेने शेती पाहायला माणसं येतात हे दाखवून दिलं होतं. पुढे कर्जतजवळ एन. डी. स्टुडिओ आला, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं, २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण जाहीर झालं. एवढ्या पाहुण्यांना राहायला आणि जेवायला जागा देणारी घरं उभी राहिली. पाहुणा घराच्या आधी त्याचं पान पाहतो, तेही बहुधा लोकलच्या डब्यात उभ्याउभ्याने, फोनवर. तिथे पान मोडलेलं दिसलं तर तो दुसऱ्या घराचं पान उघडतो. बिघाड झाल्याचं मालकाला कळतसुद्धा नाही.

बिघाडांचं मूळ बरेचदा कागदाच्या सवयीत सापडतं. छपाईत मांडणी एकदा ठरली की ठरली. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो पनवेलला छापला काय किंवा पुण्याला, तेवढाच राहतो आणि मथळा वरून जेवढ्या अंतरावर ठेवला तेवढ्याच अंतरावर उमटतो. वेबपानाला असा स्वतःचा आकार नसतो. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकून विउम ली याने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात असताना वेबपानांच्या मांडणीसाठी नियमांची पद्धत सुचवली, तीच पुढे सीएसएस म्हणून रूढ झाली. पान कसं दिसावं यात बनवणाऱ्याइतकाच वाचकाच्या पसंतीलाही वाटा असावा, हे त्या पहिल्या प्रस्तावातच होतं. वाचक अक्षर मोठं करू शकतो, पडदा आडवा धरू शकतो, जुना फोन वापरू शकतो. बनवणाऱ्याने फक्त अटी घालून द्यायच्या : जागा असेल तर तीन चित्रं शेजारी, नसेल तर एकाखाली एक. कोरलमध्ये माऊसने खोका ओढून हवा तिथे ठेवणाऱ्या हाताला हे सुरुवातीला फार अवघड जातं, आणि त्यात त्या हाताचा काही दोष नाही. हीच सोय वेबसाठी देणारं अडोबी म्यूझ पुष्कळ डिझायनरांना म्हणूनच जवळचं वाटलं. २६ मार्च २०२० रोजी कंपनीने त्याचा आधार थांबवला. त्यात केलेली पानं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच उघडून पुढे चालवता येत नव्हती, त्यामुळे अनेकांना ती नव्याने बांधावी लागली.

प्रेसला फाइल पाठवताना एक सूचना हमखास असते : ‘कर्व्ह करून पाठवा.’ मजकुराचं चित्ररेषांत रूपांतर केलं की प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट असो वा नसो, अक्षर उडत नाही. छपाईसाठी हा उपाय उत्तमच आहे. त्याच सवयीने संपूर्ण पत्रक जेपीजी करून वेबपानावर चिकटवलं, की उपायाचाच आजार होतो. कागदावरचं १२ पॉइंटाचं अक्षर घ्या. ए-फोरची रुंदी ५९५ पॉइंट. ती ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर बसवली की ते अक्षर जेमतेम सव्वासात पिक्सेलांचं उरतं. वाचायला दोन बोटांनी ताणावं लागतं, आणि ताणलं की ओळ पडद्याबाहेर जाते. शोधयंत्राला त्या चित्रात ‘कर्जत’ हा मजकूर म्हणून मिळत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. खोलीचं भाडं बदललं की सगळं पत्रक पुन्हा करायचं. अक्षर फुटू नये म्हणून मजकुराचं चित्र करण्याचा मोह मराठी पानांवर सगळ्यात जास्त दिसतो. तो का होतो, हे समजून घेतल्याशिवाय सुटणार नाही.

मराठी टायपिंगची एक अख्खी पिढी जुन्या फॉन्टांवर वाढली. त्या फॉन्टांत देवनागरीची चिन्हं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असत. कृतिदेवमध्ये ‘कर्जत’ टाइप केलं की फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, टी, कॅपिटल झेड आणि आर ही चार इंग्रजी अक्षरं जातात. दुकानातल्या संगणकावर फॉन्ट आहे, म्हणून तिथे कर्जत दिसतं. पाहुण्याच्या फोनवर तो नाही, म्हणून तिथे ती चार इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी कधी नव्हतंच.

यातली खोच आणखी बारीक आहे. त्या चार कळांत झेड म्हणजे रफार, आणि तो ‘ज’नंतर येतो, कारण टाइपरायटरवर हात तसाच चालायचा. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात : आधी र, मग हलन्त, मग ज. पहिल्या वेलांटीचं उलट. ‘भिवपुरी’ लिहिताना जुन्या फॉन्टात वेलांटी आधी आणि भ नंतर. युनिकोडमध्ये भ आधी. म्हणून जुना मजकूर रूपांतरकातून काढला की चुका बहुतेक याच दोन जागी सापडतात. दोनशे ओळींचा मजकूर अक्षर न् अक्षर तपासायला वेळ नसेल, तर निदान रफाराचे आणि पहिल्या वेलांटीचे शब्द नजरेखालून घालावेत. हे कष्ट एकदा घेतले की सुटका होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ संगणकांवर पोचला. आजच्या साध्या फोनमध्येही युनिकोड देवनागरी दाखवणारा फॉन्ट असतो.

युनिकोडमध्ये टाइप करूनही फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये अक्षर फुटतं, ही तक्रारही खरी आहे. तिथे वेलांटी पुढच्या अक्षराकडे सरकते, जोडाक्षर सुटून हलन्ताचा पाय उघडा पडतो. फॉन्ट बदलून पाहण्यात तास जातो आणि दोष तिथे नसतोच. अक्षरं जुळवणारं यंत्र या सॉफ्टवेअरांत वेगळं निवडावं लागतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. ही सोय भारतीय लिप्यांसाठी २०१२ च्या सीएस-सिक्सपासून आली. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्समध्ये अशीच निवड असते. ती केली की मजकूर जागच्या जागी सावरतो.

मांडणीची चाचणी घ्यायला या दोन तालुक्यांची नावंच पुरतात. ‘कर्जत’च्या डोक्यावर रफार आहे, ‘खालापूर’च्या पायाशी दीर्घ ऊकार. इंग्रजी अक्षर डोळ्यासमोर ठेवून बटणाची उंची पक्की बांधली असेल, तर एकाचं डोकं छाटलं जातं, दुसऱ्याचा पाय. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवली आणि बटणाची उंची मोकळी सोडली की दोन्ही नावं बसतात. इंग्रजी मथळ्यांना शोभा म्हणून अक्षरांत अंतर सोडतात, तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा जागोजागी तुटते. शिवाय ‘खोपोली’तला ल आणि ‘कशेळे’तला श. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने या दोन अक्षरांची मराठी रूपं प्रमाण म्हणून सांगितली आहेत, तरी पुष्कळ फॉन्ट आधी हिंदी वळणाची रूपं दाखवतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद पानाच्या अगदी सुरुवातीला केली की ब्राउझर मराठी रूप उचलतो. पाहुणे त्यासाठी खोली नाकारणार नाहीत हे खरं. तरी मराठी मुलखातल्या घराचं पान मराठी वळणात दिसावं, असा आग्रह धरायलाच हवा.

दऱ्याखोऱ्यांच्या या प्रदेशात आणखी एका अक्षराला जपावं लागतं. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत र आणि हलन्त यांच्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. काही फॉर्म मजकूर स्वीकारताना अशी अदृश्य चिन्हं पुसून टाकतात, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देतात. तिथे पुसायला काही नसतं, म्हणून फॉर्ममध्ये भरायच्या मजकुराला ती सोयीची.

पान एका बाजूला सरकण्यामागे बहुतेकदा साधी बेरीज असते. खोक्याची रुंदी शंभर टक्के दिली, म्हणजे फोनवर ३६० पिक्सेल. आत दोन्ही बाजूंना २०-२० पिक्सेल मोकळी जागा सोडली. ब्राउझरच्या मूळ हिशेबात ही जागा रुंदीत धरत नाहीत, ती वर मिळवतात. खोका झाला ४०० चा, पडदा ३६० चा. उरलेले ४० पिक्सेल उजवीकडे लोंबतात आणि सबंध पान आडवं हलायला लागतं. मोकळी जागा आणि कडा रुंदीतच मोजावी, असं एका ओळीत सांगता येतं. पान उलट मुंगीएवढं दिसत असेल तर कारण वेगळं. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हाची बहुतेक पानं मोठ्या पडद्यांसाठी बांधलेली होती, म्हणून त्याचा ब्राउझर पडदा ९८० पिक्सेल रुंद असल्याचं धरून पान मांडत असे आणि मग ते आकसून दाखवत असे. पान फोनच्याच रुंदीत मांडावं, ही सूचना आजही पानात लिहावी लागते. ती राहिली की बाकीची सगळी मेहनत आकसलेली दिसते. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट याने पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीची रीत मांडली, त्यानंतर पानं निदान अशा पद्धतीने बांधायचा शिरस्ता पडला.

आता फोटो. दुकानात दिसतो आणि बाहेर दिसत नाही, अशा फोटोचा पत्ता आधी वाचून पाहावा. डिझाइन करताना डेस्कटॉपवरून उचललेल्या फोटोचा पत्ता कधी कधी सी ड्राइव्हपासून सुरू होतो. दुकानातल्या संगणकावर पान उघडलं की ब्राउझर त्याच डिस्कवरून फोटो आणतो. पाहुण्याच्या फोनला ती डिस्क कुठून मिळणार? दुसरं कारण नावाचं. विंडोजला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती वेगळी वाटतात. कॅमेऱ्याने फाइलच्या शेपटीला मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहिलं आणि पानात ते लहान अक्षरांत असलं, की सर्व्हर सांगतो ४०४, फाइल नाही. देवनागरी नावांचं आणखी निराळं आहे. ‘कर्जत’ या नावात क, र, हलन्त, ज, त अशी पाच चिन्हं. प्रत्येकाला तीन बाइट, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. पाच चिन्हांचं नाव पत्त्यात ४५ अक्षरांचं होतं. ते चालतं, पण व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवताना मधेच तुटण्याची धास्ती राहते. पानावरचा मजकूर मराठीत आणि फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, ही सवय लावून घेण्यासारखी आहे. छपाईसाठी सीएमवायकेत ठेवलेले फोटो वेबवर भडक किंवा फिके पडतात. आयफोनच्या २०१७ नंतरच्या एचईआयसी फाइली अनेक ठिकाणी उघडतच नाहीत. दोन्हींवर उपाय एकच, चढवण्याआधी साध्या आरजीबी जेपीजीत रूपांतर.

फाइल चढवण्याच्या व्यवहाराला मोठा इतिहास आहे आणि त्यात एक भारतीय नाव पहिल्याच पानावर आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याचे नियम लिहिले. तेच एफटीपी. त्यात मजकूर आणि बाकीच्या फाइली पाठवण्याच्या रीती वेगळ्या आहेत. फोटो चुकून मजकुराच्या रीतीने गेला, की ओळ संपल्याची खूण समजून वाटेत त्याचे काही बाइट बदलले जातात आणि चित्र उघडत नाही. निदान सोपं आहे : इकडच्या आणि तिकडच्या फाइलचे बाइट ताडून पाहावेत. पावसाळ्यात कर्जतच्या आतल्या गावांत फोटो चढत असताना वीज गेली, तर हाच ताळा कामाला येतो. अर्धवट पोचलेल्या जेपीजीचा वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो. लोक कॅमेऱ्याला दोष देतात. फाइल पुन्हा चढवली की काम होतं.

ब्राउझरमधल्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याची सोय आली ती पुढे. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सच्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी तिचा मसुदा प्रसिद्ध केला. आज फार्महाउसचा मालक गॅलरीत फोटो टाकतो तो याच वाटेने, आणि या वाटेवर एकामागोमाग नाके आहेत. पीएचपीवर चालणाऱ्या साइटला, कुणी बदल केला नसेल तर, एका फाइलला २ एमबीची मर्यादा असते. एका वेळी येणाऱ्या सगळ्या माहितीला मिळून ८ एमबीची. आणि फाइलींच्या संख्येला २० ची. पुढे एनजिनएक्स सर्व्हर उभा असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. प्रत्येक नाका अडवताना वेगळी खूण देतो, आणि ती वाचता आली की अर्धं निदान झालं. एनजिनएक्सने अडवलं तर पडद्यावर ४१३ असा आकडा येतो. ८ एमबीचा नाका ओलांडला तर पीएचपीच्या हाती फॉर्ममधलं काहीच लागत नाही. नाव, पत्ता, फोटो सगळं कोरं, आणि फॉर्म रिकामा परत येतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मी भरलं होतं.’ त्याने भरलेलंच असतं. तीस लहान फोटो एकदम निवडले आणि वीसच चढले, तर तो संख्येचा नाका. फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणून, थोडे थोडे करून चढवले तर यातले बहुतेक नाके आड येत नाहीत. शिवाय पाहुण्याचा डेटा वाचतो.

सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत याच्या उलट प्रकारही घडतो. आपले सरकार पोर्टलवर फोटो ५ ते २० केबी आणि कागदपत्र ७५ ते ५०० केबी अशा दोन्ही बाजूंच्या मर्यादा घातल्या आहेत. मोठी फाइल नाकारतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ऑपरेटर दाखला दाबून दाबून ४० केबीवर आणतो, आणि तोही नाकारला जातो. तो आणखी दाबतो. दाखल्यावरचा शिक्का वाचता येईनासा होतो तरी फाइल चढत नाही. खालच्या मर्यादेकडे त्याचं लक्षच गेलेलं नसतं. दुकानात रांग लावून उभ्या असलेल्या आदिवासी पाड्यावरच्या माणसाचा यात दिवस जातो. हे ज्ञान किती बारीकसं आहे आणि ते नसण्याची किंमत कोण मोजतं, ते अशा वेळी दिसतं.

या सगळ्या उदाहरणांतून पुस्तकाची रीत लक्षात येईल. तक्रार आली की आधी ती दुसऱ्याच्या फोनवर, दुकानाचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर पाहायची. ब्राउझरने जुनी प्रत जपून ठेवली असेल तर ती पुसून पान नव्याने मागवायचं. न दिसणाऱ्या फोटोचा पत्ता एकटा उघडायचा. उघडला तर दोष मांडणीत, नाही तर पाठवण्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण चार बदलल्या आणि पान सुधारलं तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार पुन्हा आली की पुन्हा चाचपडणं आलं. सॉफ्टवेअर दर वर्षी बदलतं, बटणं जागा बदलतात; म्हणून पुढच्या प्रकरणांत बटणांपेक्षा कारणांवर भर दिला आहे.

शेवटच्या प्रकरणात एक तपासणी अशी आहे, जी कोणतंही सॉफ्टवेअर करून देत नाही. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत, एक रायगड जिल्ह्यात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात. वरदविनायकाचं महड खालापूर तालुक्यात आणि चवदार तळ्याचं महाड त्याच जिल्ह्यात थेट दक्षिणेला. इंग्रजीत दोन्ही नावं एकाच स्पेलिंगने लिहिली जातात. मांडणी चोख आणि फोटो जागच्या जागी, तरी पानावरच्या नकाशाची खूण दुसऱ्या कर्जतवर लागली, तर पाहुण्याची गाडी भलत्याच जिल्ह्याकडे वळेल. म्हणून पत्त्याच्या चौकटीत तालुका, जिल्हा आणि पिन कोड पूर्ण लिहावा : इकडच्या कर्जतचा ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२, खोपोलीचा ४१०२०३. अहिल्यानगरमधल्या कर्जतचा ४१४४०२ आहे.